डोहाळ्याची माती

“दादा, आणलीस?”

मी अजून वैजाच्या दाराची पायरीही चढलो नव्हतो. एका हातात ओटीची पिशवी, तिच्यात लुगडं, नारळ, पाच फळं. दुसऱ्या हातात जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. माझ्या बहिणीनं पिशवीकडं बघितलंच नाही. तिची नजर थेट गाठोड्यावर.

“अगं, आधी भावाला तांब्याभर पाणी तरी दे,” तिची सासू आतून ओरडली. “लुगडं बघायचं सोडून माती बघतीया. कुंभाराची पोर ती कुंभाराचीच.”

“तुम्ही तरी कुठल्या सोनाराच्या, आत्याबाई?” वैजा म्हणाली, आणि ओटीला जमलेल्या बायका फिदीफिदी हसल्या.

मी गाठोडं सोडलं. आत भाजक्या मातीच्या पापड्या, दोन किलो तरी असतील. ही माती मी तीन वेळा वस्त्रगाळ केली होती. खडा राहू दिला नव्हता. रुपयाएवढी गोळी घ्यायची, फळीवर ठेवायची, अंगठ्यानं दाबून पातळ करायची आणि आव्याच्या, म्हणजे आमच्या भट्टीच्या, कडेला, जिथं आच मंद असते तिथं, मडक्यांच्या पोटात ठेवून भाजायची. जास्त भाजली तर खापर होते, दात लागत नाही. कमी भाजली तर तोंडात चिखल होतो. मला बरोबर जमायचं. प्रत्येक पापडीवर माझ्या अंगठ्याचा ठसा उठायचा. वैजा म्हणायची, “बाजारातली चव लागत न्हाई. ह्याच्यावर तुझा अंगठा असतोय.”

तिनं एक उचलली, दाताखाली धरली. कट्कन आवाज झाला. डोळे मिटले. मला, खरं सांगतो, बरं वाटलं. बहिणीचा डोहाळा पुरवला की भावाला बरं वाटतंच. आमच्यात डोहाळा अडवत नाहीत. अडवला तर पोराचा कान फुटतो, जन्मभर वाहतो. म्हणून गर्भार बाईनं मागितलं की आणून द्यायचं. तिनं चिंच मागितली तर चिंच, माती मागितली तर माती. कुंभाराच्या घरात तर मातीला तोटा नाही.

“काय उजळलीया पोरगी!” शेजारची एक म्हातारी तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाली. “सावळी हुती. बघा की, कशी केतकीवानी झालीया. ह्या खेपंला पोरगाच.”

“तर वो,” दुसरी म्हणाली. “पोरीच्या वक्ताला तोंड काळवंडतं. हे त्येज पोराचंच.”

सासूचा ऊर भरून आला. आधीच्या दोन पोरी दारात खापरांचा खेळ मांडून बसल्या होत्या. त्यांच्याकडं कुणी बघितलं नाही. मीही बहिणीच्या तोंडाकडं बघितलं. खरंच गोरी दिसत होती. ओठसुद्धा गोरे. नखंसुद्धा. आम्ही एवढे सगळे तिथं बसलेलो, डोळे फुटलेले नव्हते कुणाचे, आणि सगळ्यांना ते तेज दिसत होतं.

पाटावर बसवून पाचवी बाई ओटी भरत होती तेवढ्यात वैजा बाजूला कलंडली. नारळ गडगडत उंबऱ्यापर्यंत गेला.

“दिष्ट लागली, दिष्ट!” म्हणत सासू मीठमोहऱ्या आणायला धावली. मी वैजाचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या गळ्याची शीर पाखराच्या छातीसारखी उडत होती. शुद्धीवर आल्यावर ती पहिलं काय बोलली असेल? “माझ्या पापड्या सांडल्या न्हाईत न्हवं?”

दृष्ट काढून झाली. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट मोठी होती असं ठरलं. मी मात्र मुक्काम केला आणि हटून बसलो, की सकाळी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेणार. दाजी म्हणाले, “भट्टीला इटा लावायच्यात, मला यायला जमायचं न्हाई. आईला घेऊन जावा.” ते वीटभट्टीवाले. वैजा सातव्या महिन्यातही चिखल तुडवत होती. सासू कुरकुरत निघाली, पण निघाली. बाई वाईट नव्हती. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टीत सासूवर ढकलून मोकळं व्हायची सोय असते.

दवाखान्यात डॉक्टरीण बाई होत्या. तिशीच्या आतल्या, डोळ्यांखाली काळं, आवाज कोरडा. बाहेर बायकांची रांग दारापासून पिंपळापर्यंत. बाईंनी वैजाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. बोटाला सुई टोचून थेंब घेतला, काचेच्या नळीत घालून रंग जुळवून बघितला. आम्ही मडक्याला कावेचा हात देतो, ते पाणीसुद्धा ह्याहून लाल असतं.

“साडेसहा,” त्या म्हणाल्या. “बारा लागतं. ही चालत आली?”

“यश्टीनं आली की,” सासू म्हणाली.

“काय खाते?”

“समदं खाती. आमच्यात खायाला कमी न्हाई.”

“मी हिला विचारतेय. काल काय खाल्लंस?”

“काल ओटी हुती,” वैजा म्हणाली. “गोडाचं हुतं.”

“खाल्लंस तू?”

“मान्सं जेवून उठल्यावर... हुतं त्येवढं.”

“परवा?”

“भाकरी. आमटी.”

“पालेभाजी?”

“करतो की!” सासू मध्ये पडली. “चाकवत, शेपू, आंबाडी. उकडून, चांगली पिळून घेतो. न्हाईतर उग्र लागती.”

“पिळलेलं पाणी काय करता?”

“म्हशीला घालतो.”

“म्हैस ठणठणीत असेल.”

“व्हय तर! दोन्ही वक्ताचं मिळून नऊ लिटर देती,” सासू अभिमानानं म्हणाली.

डॉक्टरीण बाई हसल्या नाहीत. “अंडं? मटण?”

“गडीमान्सं खात्यात. उरलं तर हीबी खाती. मी कवा न्हाई म्हटलं?”

उरलं तर. मी भिंतीकडं बघितलं. आमच्या घरी कोंबडीनं दिवसाआड अंडं दिलं की आई ते मला उकडून द्यायची. “तू चाकाला बसणार, तुला ताकद पायजे.” वैजा समोर बसून टरफलाला चिकटलेलं पांढरं नखानं खरवडून खायची. त्याच वयात ती आव्याकडंला बसून माती खायला लागली. बाप हसून म्हणायचा, “कुंभाराची पोर, दुसरं काय खाईल?” आम्ही सगळेच हसायचो. चांगला विनोद होता. वीस वर्षं पुरला.

“चहा किती वेळा?”

“तीन डाव.”

“जेवल्यावर?”

वैजा म्हणाली, “कवाकवा जेवणाच्या जागीच.”

“पायात काही घालत नाहीस?” बाईंनी तिच्या भेगाळलेल्या टाचा बघितल्या.

“चिखल तुडवायचा असतोय. चप्पल घालून कसा तुडवू?”

“माती कुठून काढता?”

“वढ्याच्या काठाची.”

“आणि गावातले लोक परसाकडला कुठं जातात?”

सासूनं पदर सावरला. उत्तर तेच होतं, ओढ्याचा काठ.

“जंत त्याच चिखलातून तळपायात शिरतात. आतड्याला चिकटून रक्त पितात,” बाई कागदावर लिहीत म्हणाल्या. “बाळंतपणं?”

“दोन पोरी,” वैजा म्हणाली. “मागच्या आषाढात एक पडलं.”

“आणि ह्याचे दिवस?”

“गणपतीला ऱ्हायले.”

“दोनच महिन्यांत?” बाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. मग मान वर करून एकाएकी सासूकडं बघितलं, उठल्या आणि तिच्याच डोळ्याची पापणी ओढली. पापणी आतून चुन्यासारखी पांढरी.

“आवं, मला काय धाड भरलीया!”

“चक्कर येते?”

“आता ह्या वयात येणारच की. आमच्या घरातल्या समद्या बायका अशाच, गोऱ्यापान.”

“आजी, हे गोरेपण नाही. अंगात रक्त नाही.” बाईंनी नर्सला हाक मारली. “यांचंही रक्त घ्या. बाहेर रांगेत आहेत त्या सगळ्यांचं घेत सुटलं तर संध्याकाळपर्यंत हेच उत्तर येईल म्हणा.”

नर्स सासूला शेजारच्या खोलीत घेऊन गेली. “मला कशाला सुई, मी काय गाभण हाय व्हय?” असं तिचं चाललेलं ऐकू येत होतं. खोलीत आम्ही तिघंच उरलो.

“एक विचारते,” डॉक्टरीण बाई म्हणाल्या. “माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, असलं काही खाते का ही?”

वैजाचा हात कमरेला गेला. कनवटीला पापड्या होत्या, मला ठाऊक होतं. एस.टी.त दोन खाल्ल्या होत्या तिनं. ती माझ्याकडं बघत राहिली. म्हणजे, दादा, तू सांग. तू सांगशील ते.

आता तो क्षण मी किती वेळा फिरवून बघितला असेल. मला काय झालं होतं? मारणार नव्हतं कुणी. समोर शिकलेली बाई, पांढरा कोट, टेबलावर काच. आणि मी कोण? बहिणीला माती चारणारा कुंभार. चाळून, भाजून, गाठोडं बांधून पोचवणारा. त्या बाईच्या डोळ्यांत मला तसं दिसायचं नव्हतं. बस्स. एवढंच कारण. याच्यापेक्षा मोठं कारण शोधलं, सापडलं नाही.

“छे छे,” मी म्हणालो. “असलं काय बी खात न्हाई ती.”

वैजानं मान खाली घातली.

“बरं झालं,” बाई म्हणाल्या. “खात असती तर आज घरी सोडलंच नसतं. आतमध्ये ठेवून रक्त चढवलं असतं. माती पोटात गेली की ती लोह धरून ठेवते, अंगाला लागू देत नाही. वरून कितीही गोळ्या घाला. आणि उलटं आहे बघा, रक्त कमी झालं की बाईला माती खावीशी वाटते. लोक म्हणतात डोहाळा. डोहाळा कसला? अंग ओरडत असतं.” त्यांनी दोन पुड्या पुढं केल्या. “ही लाल लोहाची. ही बारीक पिवळी फोलिकची. रोज एकेक. चहाबरोबर नाही. शी काळी होईल, घाबरायचं नाही. ही जंताची, आज इथंच घे. भाजी पिळायची नाही. महिन्यानं दाखवायला आणा. चढलं नाही तर ॲडमिट.”

तेव्हासुद्धा सांगता आलं असतं. “बाई, चुकलो, खाती ती,” एवढे चार शब्द. पण एकदा खोटं बोललेला माणूस दुसऱ्यांदा खरं बोलायला दुप्पट भितो. मी पुड्या उचलल्या. “उपकार झाले बाई,” म्हणालो. नमस्कारही केला.

एस.टी. स्टँडवर सासू पाणी प्यायला गेली तेव्हा मी वैजाला हळूच म्हणालो, “माती बंद कर.”

“आता? दोनच म्हयनं ऱ्हायल्यात.”

“ऐकलंस न्हवं बाई काय म्हणाल्या?”

“ऐकलं की. पण त्यास्नी काय ठावं आपल्यातलं? पोराचा कान फुटला तर? तिसऱ्या खेपंला पोरगा होतोय, आणि त्येचा कान वाहिला तर आत्याबाई मला उभी जाळतील.” मग माझा हात धरून म्हणाली, “दादा, मला ऱ्हावत न्हाई रे. भाकरी न्हाई मिळाली तर ऱ्हातं. ह्येच्याबिगर न्हाई ऱ्हात.”

ती हसत होती. ओठ पांढरे. माझ्या मनात आलं, गाठोडं तिच्या घरी फडताळात आहे. जाऊन उचलावं, ओढ्यात फेकून द्यावं. पण मग सासू विचारणार, का? मग तिला सांगावं लागणार, मी आत काय बोललो ते.

“बरं, मग कमी कर,” मी म्हणालो.

कमी कर. बंद कर-चं कमी कर झालं, चार पावलांत.

चैत्र सरत होता. बाजाराची मडकी भाजायचे दिवस, मला मान वर करायला सवड नव्हती. बाविसाव्या दिवशी सकाळी दाजींच्या चुलतभावानं सायकल माझ्या अंगणात आडवी टाकली. “वैजावहिनीला दवाखान्यात नेलीया. आठव्यातच कळा लागल्या. चला.”

मी पोचलो तेव्हा पोर झालेलं होतं. पोरगी. दीड किलोची, कापसात गुंडाळलेली. सासू तिला घेऊन भिंतीला टेकून बसली होती, आणि पोरगी झाली म्हणून रडत नव्हती. “रगात थांबंना झालंय,” एवढंच ती मला म्हणाली. “पाव्हणं, रगात थांबंना.”

डॉक्टरीण बाई बाहेर आल्या. कोपरापर्यंत हात लाल. “जिल्ह्याहून रक्त मागवलंय, गाडी निघालीय. हिचा भाऊ कोण?” नर्सनं माझा रक्तगट बघितला, जुळला. एक बाटली माझी काढली. बाकावर आडवा होऊन मी नळीतून जाणारं रक्त बघत होतो. लालभडक, दाट. लहानपणापासूनची दिवसाआड एकेक अंडी त्यात होती. माझी बाटली लावली तिला. अर्धी गेली असेल. तीन वाजून गेले होते. जिल्ह्याची गाडी चार वाजता आली आणि ते रक्त कुणाच्याच कामाला आलं नाही.

दाजी खांबाला धरून उभे होते. भट्टीची राख अजून केसांत. सासूनं पोर माझ्या मांडीवर ठेवलं आणि मग मोठ्यानं रडायला लागली. पोर नर्सनं घेतलं, आणि डॉक्टरीण बाईंनी मला आत बोलावलं. मला वाटलं, सही लागत असेल.

वैजाला पांढऱ्या चादरीनं झाकलं होतं. बाईंनी टेबलावर एक कागद उघडला. त्यावर चार पापड्या.

“लुगडं बदलताना कनवटीला सापडल्या,” त्या म्हणाल्या. “एक अर्धी खाल्लेली.”

मी वाकून बघितलं. प्रत्येकीवर ठसा. माझा अंगठा डाव्या बाजूला चिरलेला आहे, लहानपणी चाकाच्या दांडीनं. ती चीर चारही पापड्यांवर उठली होती.

“गोळ्यांच्या पुड्या सासूनं आणल्यात,” बाई म्हणाल्या. “मोजून पाहिल्या. एकही चुकवली नाही तिनं. चहाबरोबर घेतली नाही. भाजी पिळू दिली नाही म्हणतात सासूबाई, त्यावरून घरात भांडण काढलं तिनं. जे सांगितलं ते सगळं केलंय.” त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. “आणि तुम्ही नाही म्हणाला होता.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज तसाच कोरडा होता. बाहेर रांग होती आणि त्यांना पुढची बाई बघायची होती.

मी कागदाची घडी घातली, पापड्या खिशात टाकल्या. कुणी बघू नये म्हणून. अजूनही. बहीण चादरीखाली होती आणि मला अजूनही तीच काळजी होती, कुणी बघू नये.

ह्याला सत्तावीस वर्षं झाली. दाजींनी दुसरं लग्न केलं, दोन पोरी तिकडंच वाढल्या. धाकटी मी आणली. नाव सगुणा. तिला दिवसाआड नाही, रोज अंडं दिलं. बायको म्हणायची, अती करता. दर सोमवारी तिची पापणी ओढून बघायचो, घरातल्या सगळ्या बायकांची बघायचो. सुना हसतात, म्हणतात मामंजी सरकले. सरकू द्या.

चाक मी सोडलं नाही. पोट आहे. पापड्या करायच्या सोडल्या. अजून बायका दारात येतात. “सूनबाईला डोहाळा लागलाय, थोडी भाजून द्या.” मी सांगतो, तिला दवाखान्यात न्या, हा डोहाळा नाही. त्या ऐकून घेतात, मान डोलावतात आणि बाजारातून घेतात. आता प्लास्टिकच्या पुडीत मिळते. वर बाळाचं चित्र असतं.

गेल्या महिन्यात सगुणाला दिवस गेले. माहेरपणाला आली, माझ्याजवळ अंगणात बसली. म्हणाली, “मामा, आई नक्की कशानं गेली वो?”

“बाळंतपणात,” मी म्हणालो. आयुष्यभर हेच सांगत आलोय. खोटं नाही ते.

“तसं न्हवं. डॉक्टर विचारत्यात. घरात कुणाला काय हुतं, रक्ताचं काय हुतं का.”

मी तिच्याकडं बघितलं. कानात वैजाची फुलं घातली होती तिनं. सोन्याची बारीक फुलं, दोन्ही कान स्वच्छ, कोरडे. दीड किलोची ती पोर, न्यूमोनिया झाला, कावीळ झाली, गोवर झाला. पण कान कधी फुटला नाही. एक दिवससुद्धा वाहिला नाही.

डोहाळा आम्ही पुरता पुरवला होता.